या आठवड्यात जऊळक्यात

फॅशन प्रिव्ह्यू
स्थळ: विकासच्या घराची ओसरी, जऊळका. शनिवार, दुपारी चार. प्रवेश सर्वांना.

तीस-तीस किलोच्या दोन बॅगा मी अकोल्याहून पॅसेंजरने आणल्या. स्टेशनवर विकास गाडी घेऊन आला होता. विकास माझा धाकटा भाऊ. बाबा गेल्यापासून शेत तोच पाहतो. त्याने एक बॅग उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"काय भरलं ताई, अख्खी दुबई?"

मी बहरीनला राहते. पहिली दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, दुबई नाही, बहरीन, वेगळा देश आहे. मग सांगणं सोडलं. जऊळक्यासाठी समुद्रापलीकडे एकच गाव आहे.

ओसरीवर बारा-पंधरा बाया जमल्या होत्या. बाबांच्या, म्हणजे इंद्रभानजींच्या, वर्षश्राद्धाला आलेल्या लेकीला भेटायला. भेट पाच मिनिटांत आटोपली. मग सगळ्या बॅगेकडे पाहत बसल्या. आईने चटई झटकून टाकली, जसं धान्य वाळत घालायच्या आधी टाकतात.

पहिली बॅग उघडली. शेजारच्या रेणूकाकूंनी एक काळा झगा उचलला, दोन्ही हातांनी, मेलेलं काहीतरी उचलावं तसा.

"ओ बाई, याले पाठ कुठी हाये?"

"नसते काकू. पाठ उघडी असते."

"मंग हे घालून बसतं कशी? खुर्चीले चिकटत नाई का?"

ओसरी हसली. आई हसली नाही. ती अभिमानाने म्हणाली, "घातला होता तिनं हा. मांगं निळी लाइट होती, अन् बाजूले एक लंबी गोरी बाई. दिवाळीच्या आंधी टाकला होता फोटो."

तिला प्रत्येक फोटो पाठ होता. मला नव्हता.

"दुसरी बॅग?" माझी भावजय योगिनी म्हणाली.

"ती नको. ऑफिसचं सामान आहे."

योगिनीने बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा ठेवायला गेली.

दुरुस्ती

वर "मी बहरीनला राहते" असं छापलं गेलं आहे. "राहत होते" असं वाचावं. दुसऱ्या बॅगेत ऑफिसचं सामान नव्हतं. दोन चादरी, उशीचे अभ्रे, भाताचा कुकर, इस्त्री, आणि नऊ वर्षांत जमलेल्या वाट्या-चमचे होते.

बहरीनच्या मनामा शहरात, बाहेरच्या देशांतून नोकरीला आलेल्या लोकांसाठी एक साप्ताहिक निघायचं. सुट्टीच्या दोन दिवसांत काय पाहावं, काय ऐकावं, कुठे जेवावं, याची यादी त्यात मी लिहायचे. तीन मथळे ठरलेले होते. फॅशन प्रिव्ह्यू, लाइव्ह म्युझिक, बाहेरचं जेवण. नऊ वर्षं मी दुसरं काही लिहिलं नाही, त्यामुळे आता दुसऱ्या तऱ्हेने लिहायला गेलं की हात अडतो.

फोटो खोटे नव्हते. मी खरोखरच प्रिव्ह्यूच्या दुसऱ्या रांगेत बसत होते. रमजानच्या आधी नवे कपडे यायचे, डाग पडलेला एखादा झगा आम्हाला मिळायचा. हॉटेलांत मनिलाहून आलेले बँड गायचे. ते रोज तीच सहा गाणी गायचे आणि मी दर आठवड्याला त्यांच्याबद्दल नवीन वाक्य शोधायचे. जेवणही खरं होतं. एक ताट, तीन जण, आधी फोटो. फोटो होईस्तोवर मांस थंड व्हायचं. ते फुकट असायचं म्हणून मी रोज बाहेर जेवायचे. तिथल्या गुदैबिया वस्तीत आम्ही तिघी एका खोलीत राहत होतो आणि सामायिक शेगडीवर माझी पाळी फक्त गुरुवारी यायची.

फेब्रुवारीत मालकाने साप्ताहिक बंद केलं. व्हिसा संपायला थोडे दिवस होते, त्यात मी बावीस ठिकाणी अर्ज केले. आणि त्या सगळ्या दिवसांत, गावात कोणी काही विचारू नये म्हणून, जुन्या फोटोंतला एकेक रोज टाकत राहिले. विमानात बसायच्या आदल्या गुरुवारीसुद्धा टाकला. मासा, लिंबाची फोड, मागे समुद्र.

घरी सांगितलं होतं, पंधरा दिवसांची रजा आहे.

लाइव्ह म्युझिक
स्थळ: तेच. मंगळवार, दुपारी तीन, पंगती उठल्यावर. कलाकार: गावचं भजनी मंडळ. एक पेटी, दोन खंजिऱ्या, एक मृदंग, नऊ आवाज.

श्राद्ध नीट झालं. भजन चांगलं होतं. नऊ वर्षांच्या सवयीने मी मनात वाक्य जुळवायला लागले आणि स्वतःवरच चिडले.

चहासाठी भजन थांबलं. पाहुण्यांना नुसतं बसवून ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून विकासने फोन टीव्हीला जोडला.

"हे पाहा आमच्या ताईचं तिकडचं."

बाबांचा हार घातलेला फोटो, त्याच्या शेजारी टीव्ही. टीव्हीवर मनामाचं एक हॉटेल, चमकत्या आखूड कपड्यांतली गायिका, पुढे टाळ्या वाजवणारी मी. टोप्या घातलेले वीस-पंचवीस म्हातारे बशीतून चहा पीत पाहत होते. कोणी मान खाली घातली नाही. पेटी वाजवणारे सोमलाकाका पुढे सरकले.

"यायचा पेटीवाला कुठी बसते?"

"पेटी नसते काका. त्या डब्यातूनच येते सगळं."

"मंग गानारनीले सूर कोन देते?"

"तो डबाच देतो."

"अन् चुकली तं?"

"चुकत नाही ती. रोज तीच गाणी गाते."

"रोज?" सोमलाकाकांना तिची खरीच दया आली. "पोट मोठं खराब असते बापा."

मग आई बोलली. ती दाराशी, बायांच्या पुढे बसली होती, पण आवाज पुरुषांकडे जाईल इतका चढवला. "आता मी बी चालली हिच्यासंग. या डावाले नेते ती मले."

"खरंच का तुळसाबाई?"

"मंग? बचत गटातलं नाव काढलं मी. शेळ्या रेणूले देऊन टाकल्या. म्हातारपनी पाहून घेतो नं हे बी, कसं असते ते."

मला तिने हे काहीच सांगितलं नव्हतं. गटातलं नाव तिने वीस वर्षं सांभाळलं होतं.

विकासने चहाचा कप खाली ठेवला. त्याने ही वेळ मुद्दाम निवडली असं मला वाटत नाही. चार मोठी माणसं बसलेली असताना घरातली गोष्ट बोलून टाकायची, ही आमच्याकडची रीतच आहे.

"बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं चढली. मायचं, ताईचं, माहं. आता ताई तिकडेच हाये अन् मायबी तिकडे चालली. म्हनून म्हनलं, शुक्रवारी तालुक्याले, मालेगावले जाऊन दोघींचंबी हक्कसोड करून घेऊ. एका फेऱ्यात काम होते."

"बराबर हाये," कोणीतरी म्हणालं.

"पोरगी समजदार हाये. नाई म्हननार नाई."

"तिले काय कमी हाये बापा?"

आणि सगळे पुन्हा टीव्हीकडे वळले. तिथे आता माझ्यासमोर तीन मजली थाळी होती, प्रत्येक मजल्यावर गोड.

नऊ एकर रान. तीन-तीन एकर वाट्याला. माझे तीन सोडायला मी कदाचित तयारही झाले असते. या घरातल्या सगळ्या आत्यांनी सोडले होते. पण आईचे तीन गेले की तिच्या नावावर या जगात काही उरत नव्हतं. ती ते मला पाहून सोडत होती. आणि ती जिला पाहत होती ती मी नव्हते, टीव्हीवरचे फोटो होते.

आईच्या सहीआधी तिला सांगायचं. माझ्याकडे तीन दिवस होते.

दुरुस्ती

"नेते ती मले" हे आईच्या मनाचं नाही. मी म्हटलं होतं. "नेईन गं पुढच्या वर्षी." तीन वर्षं, प्रत्येक फोनच्या शेवटी. लोक फोन ठेवताना "ठेवते हं" म्हणतात, तसं.

फॅशन प्रिव्ह्यू (दुसरा)
स्थळ: मालेगावातलं कापडाचं दुकान. बुधवार, सकाळी अकरा.

हक्क सोडणाऱ्या बहिणीला भाऊ साडीचोळी घेतो. कुठे लिहिलेलं नाही, पण त्याशिवाय कागद होत नाही. विकासने गाडी थेट दुकानासमोर लावली. आई सोबत होती, योगिनी घरी थांबली होती.

"या भाऊ. लग्नाच्या दाखवू का?" गादीवरचा माणूस म्हणाला.

"नाई. हक्कसोडीच्या."

त्या माणसाने दुसरा प्रश्न विचारला नाही. मागे वळला, डावीकडून तिसऱ्या फळीला हात घातला. ही एक वेगळी रांग होती. लग्नाच्या साड्या वर, काचेत. दुखवट्याच्या खाली, दोरीने बांधलेल्या. या मधल्या. काठ जरीचा, पण एका बाजूलाच. अंग चमकदार, पण हातात घेतलं की कळतं.

"या बहिनीच्या साड्या," तो म्हणाला. "या रांगेतली नापसंद नाई झाली कधी. कोनती बहीन पाहून घेते इथं?"

विकास हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला. "ताई, तुले वरची पायजे असन तं वरची घे. मी तसा भाऊ नाई."

तो खरंच तसा भाऊ नाही. मला तापात उचलून जऊळक्याच्या स्टेशनपर्यंत नेणारा भाऊ आहे. हे लिहिणं भाग आहे, कारण पुढे तो वाईट दिसणार आहे.

मी मधल्या रांगेतली हिरवी घेतली. आईपुढे दुकानदाराने पंधरा साड्या उलगडल्या. ती प्रत्येकीचा पदर दोन बोटांत चोळून पाहत होती.

"जाड दाखवा भाऊ."

"आजी, उन्हाळा चालू हाये. सुती घ्या."

"इथं नाई नेसाची. दुबईले घरात थंडी मशीन असते. राखी म्हने, तिथं जेवाले बाहेर गेलं तरी शाल लागते." ती माझ्याकडे वळली. "हे जांभळी पुरीन का तिथं? लोकाइत बसाव लागते. तुह्या सायबासमोर."

नऊ वर्षं मी कपड्यांबद्दल मत दिलं आहे.

"चांगली आहे," मी म्हणाले.

गुरुवार

शहरात काही कार्यक्रम नाहीत. सकाळी सांगणार होते. आई गटातल्या बायांकडे निरोपाला गेली. दुपारी सांगणार होते. ती दोन बायांना घेऊनच परत आली. पाच वाजता ती एकटी गवार मोडत बसली. मी शेजारी बसले, गवार मोडू लागले.

"माय, तिकडं तितकं काही चांगलं नाही."

"मले काय चांगलं पायजे? तू दिवसभर कामाले जाशीन, मी भाकर टाकून ठेवीन. बाहेरचं खाऊन खाऊन तुह्यं अंग पाह्य कसं झालं."

शिरा काढत होते. एक, दोन, तीन. वाटी भरली. ती उठली.

यादीत न बसणारं
स्थळ: दुय्यम निबंधक कार्यालय, मालेगाव. शुक्रवार, सकाळी साडेअकरा.

ऑफिसच्या बाहेर, टिनाच्या शेडमध्ये, कागद करून देणारे शालिग्रामभाऊ संगणक घेऊन बसतात. आम्ही पाच जण होतो. आई, विकास, योगिनी, मी, आणि साक्षीदार म्हणून सोमलाकाका. दुसरा साक्षीदार शालिग्रामभाऊ तिथलाच कोणी देणार होते. आई जांभळी साडी नेसून आली होती. नवी घडी तिच्या अंगावर पुठ्ठ्यासारखी उभी होती.

शालिग्रामभाऊंनी मोठ्याने वाचायला घेतलं. "लिहून देणार क्रमांक एक, तुळसाबाई इंद्रभान. लिहून देणार क्रमांक दोन, राखी इंद्रभान. कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने, भावावरील प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता..."

"थांबा," मी म्हणाले.

ते थांबले.

"माय, तू सही नोको करू." इतक्या वर्षांनी तोंडात घरची भाषा आली ती अशी, भर शेडमध्ये. "माही नोकरी गेली. फेब्रुवारीतच गेली. खोली सोडली मी. दुसऱ्या बॅगेत माहं सगळं घर हाये. मीच परत जाऊन नाई राह्यली, तं तुले कुठी नेऊ?"

सोमलाकाकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

विकासने खिशातून फोन काढला. बोट फिरवलं. माझ्यापुढे धरला. मासा, लिंबाची फोड, समुद्र.

"हा तू यायच्या आंधीच्या गुरुवारचा."

"जुना होये तो. दोन वर्षांआंधीचा."

"हा त्याच्या आंधीचा. हा त्याच्या."

"सगळे जुने होयेत."

"मंग टाकले कायले?"

"लाज वाटे म्हनून."

त्याने फोन खाली घेतला. तो चिडला नव्हता. हिशोब जुळत नसलेला माणूस बसतो तसा बसला. "म्हनजे तू तवा खोटं बोलली, का आता बोलून राह्यली?"

"तवा."

"मंग आताचं खरं, हे मी कायच्यावर म्हनू?"

मी कंपनीचं पत्र उघडलं. ईमेल होतं. शालिग्रामभाऊंकडे दिलं, त्यांना इंग्रजी येतं. त्यांनी चष्मा वर सारला, वर-खाली दोनदा वाचलं.

"कंपनी बंद झाली असं लिवलं तं हाये."

"पाह्य," मी विकासला म्हणाले.

"पन याच्यावर शिक्का कुठी हाये?" शालिग्रामभाऊ म्हणाले. "सही नाई, शिक्का नाई, आवक-जावक नंबर नाई. मॅडम, राग नका मानू. असं पत्र मीच पाच मिनिटांत काढून देतो."

"तिकडं शिक्का मारत नाहीत, भाऊ."

"कागद होये अन् शिक्का नाई?" ते मनापासून चकित झाले होते. तीस वर्षं त्यांनी शिक्का नसलेला एकही खरा कागद पाहिला नव्हता.

विकास मला बाजूला घेऊन गेला, कडुलिंबाखाली. "ताई, तुले वावर पायजे का? तं तोंडानं माग. मी भांडलो असतो, पन देल्लं असतं. हे असं मायसमोर, नोकरी गेली, खोली गेली... मायले रडवून कायले मांगतं?"

"मले वावर नाई पायजे. तिचं तिच्याजवळ राहू दे."

"माह्या घरात तिले काय कमी हाये? मी तिले घराबाहेर काढीन, असंच म्हनतं नं तू? चारचौघात?"

मी तसं म्हटलं नव्हतं. पण अर्थ तसाच होत होता.

आम्ही परत आलो. आई बाकावर होती तशीच बसली होती, हात मांडीवर. मला वाटलं, हिला तरी कळलं असेल. हिला माझा ताप हात न लावता कळायचा.

"मले न्याचं नाई तं नाई म्हन, बाई," ती म्हणाली.

"माय, तसं नाई..."

"मले समजते. मले चमचा धरता येत नाई. तुह्या लोकाइत मी बसली तं तुले खाली पाहाव लागन. सरळ सांगतलं असतं तं मी काई राग धरला नसता." तिचा आवाज अगदी साधा होता. "पन नोकरी गेली म्हनतं? भाकरीले असं अभद्र कोनी बोलते का? बापाले आताच वरीस झालं."

"खरंच गेली माय."

"बस झालं."

ती उठली. साडी कडकड वाजली. "शालिग्रामभाऊ, काढा कागद. आता मले इथंच राहाव लागते. ज्याच्या घरी राहायचं त्याचं मन राखाव लागते."

काल माझ्यामुळे सही करणार होती, मी नेणार म्हणून. आज माझ्यामुळेच करत होती, मी नेत नाही म्हणून. मी काही बोलले नसते तर निदान आनंदाने केली असती.

आत, खिडकीशी, मशीनवर तिने अंगठा ठेवला. लाल. पुन्हा ठेवला. लाल.

"आजी, अंगठा घासला तुमचा. पुसून ठेवा," खिडकीतला माणूस म्हणाला.

तिने साडीला पुसला. नव्या साडीने काही पुसलं जात नाही. मी पुढे झाले, रुमाल काढला. तिने हात लांब केला. माझ्या पुढून नेला, आणि योगिनीपुढे धरला. योगिनीने आपल्या पदराने तो अंगठा पुसला, एकेक रेघ पुसावी तसा, आणि स्वतः धरून मशीनवर ठेवला.

हिरवा.

"राखी इंद्रभान," खिडकीने हाक मारली.

"मी नाही करत."

"मॅडम, मागं लोक हायेत."

"नाई करत म्हनते नं?" विकास म्हणाला. "राहू द्या. एकीचंच घ्या."

आईने मागे वळून पाहिलं. पाहून मान हलवली. आता तिला सगळा उलगडा झाला होता. नोकरी गेली असं मी वावरासाठी म्हटलं, असा.

कागद छापून होईपर्यंत आम्ही शेडमध्ये थांबलो. योगिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पुढे पाहत, हळू आवाजात म्हणाली, "मले ठाव होतं."

"काय?"

"रविवारी तुमी अंघोळीले गेल्या तवा दुसरी बॅग उघडली मी. सुट्टीवर येनारी बाई भाताचा कुकर नाई आनत."

"मग आत्ता बोलली का नाहीस? तुझं ऐकलं असतं त्यांनी."

तिने विचार केला. खरंच केला, टाळलं नाही. "लग्न झाल्यापासून सासूबाईचं मी करून राह्यली. पुढंबी मीच करनार. तुमी तं फोटो टाकत होत्या. मी बोलून मले काय भेटनार होतं, ताई?"



बाहेरचं जेवण
स्थळ: किन्हीराजाच्या रस्त्यावरचा धाबा. शुक्रवार, दुपारी दोन. पाटोडी रस्सा, भाकर, ठेचा, कांदा.

कागद झाला की ज्याच्या नावावर झाला त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, हीही रीत. मी नको म्हटलं. विकास म्हणाला, "चाल. उपाशी कोनी ठेवत नाई कोनाले." गाडी एकच होती.

शालिग्रामभाऊही आले. ते आणि सोमलाकाका सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत राहिले, फार मन लावून. आई माझ्या समोर बसली होती, पण बाजूला पाहत. भाकर मोडत होती. तिला रस्सा तिखट लागला, पाणी प्याली, पुन्हा जेवू लागली. भूक कोणाचीच गेली नव्हती, माझीसुद्धा. रस्सा उत्तम होता. गरम होता.

धाब्याचे मालक मदनसिंगकाका बाबांच्या वर्गातले. हात पुसत टेबलाशी आले.

"वहिनी, नमस्कार. अन् हे राखी का? दुबईची?" ते खुर्ची ओढून बसलेच. "बेटा, तुहे फोटो माही पोरगी रोज दाखवते. मंजू. नर्सिंग झालं तिचं यंदा. म्हने, पप्पा, मले राखीताईसारखं तिकडं जायचं. तिकडं दवाखान्यात वळख हाये का तुही?"

सोयाबीनचं बोलणं थांबलं. विकास ताटात पाहत होता. योगिनी भाकरीचा तुकडा हातात धरून थांबली.

मी तोंड उघडलं. सकाळी एकदा खरं बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा बोलायला फक्त आईकडून एक नजर हवी होती.

आईने ऑफिस सोडल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग मदनसिंगकाकांकडे वळली आणि हसली, ओसरीवर हसायची तशी.

"हाये नं वळख. लय मोठं काम हाये तिचं. आठ दिवसांनी चालली ती परत." आणि मला म्हणाली, "चाललीस नं, बाई? आठ दिवसांनी?"

टेबलावर सगळे होते. घर तिच्या मुलाचं होतं. मुदत तिने दिली होती.

"हो," मी म्हणाले.

मदनसिंगकाकांनी पोरीचा नंबर सांगितला. मी तो फोनमध्ये उतरवून घेतला, नावासकट, पुन्हा वाचून दाखवला.

"तिला म्हणा, पासपोर्ट काढून ठेव," मी म्हणाले. "त्यालाच वेळ लागतो."